नकाशातलं पडीक शेत

धडे? वर्षभराच्या कामातून आम्ही काय धडे घेतले, ते विचारायला तुम्ही कल्याणहून ठाण्याला आलात? — बसा, बसा, झोपाळ्यावर नको, करकरतो मेला, चटईवर बसा — आणि धाडलं कुणी? आमच्या हेडमास्तरांनी! वाटलंच. समारंभात हार घालून मिरवायला ते, आणि विचारायला कुणी आलं की अण्णाच्या ओटीवर. गोदू, पाहुण्यांना गूळपाणी आण गं — धाकटी बहीण माझी. हं, तर तुम्हीही तुमच्या वर्गाकडून असाच नकाशा करून घेणार. घ्या की! नवे मास्तर आहात, अंगात रग आहे. मलाही होती, गेल्या साली, अठराशे शहाऐंशीच्या जूनपर्यंत चांगली होती.

सोळा मुलं, बारा महिने, दर रविवारी ठाण्याहून दिव्याच्या खाडीपर्यंत. साखळी टाकून एकेक बांध, एकेक विहीर मोजायची, वहीत लिहायची, वर्ष संपलं की भला थोरला नकाशा. सगळी वकील-कारकुनांची पोरं हो — चिखलात पाऊल घालायचं म्हटलं की तोंड वाकडं! वाट दाखवायला होता नाथा. तिथलाच, आगरी, आज्यापासून खाडीशी झटणारा. तो नसता तर या विद्वानांना भरती कुठली नि ओहोटी कुठली, कळलं नसतं. मुलं त्याच्याकडून शिकली, त्याच्या घरची भाकरी खाल्ली — हो, मीही खाल्ली, काय करता, भुकेला सोवळं नसतं, पण हे गोदूला सांगू नका — आणि नकाशाच्या कोपऱ्यात नावं कुणाची? हेडमास्तरांचं, माझं, सोळा मुलांचं. नाथाचं? शोधा! डोळे फोडून शोधा!

आता धडा ऐका. त्या वर्षी उधाणात नाथाच्या शेताचा बांध फुटला, खारं पाणी आत शिरलं. बांध त्यानं पुन्हा घातला, पण मातीत मीठ मुरलेलं. मग हे लोक काय करतात ठाऊक आहे? काही करत नाहीत! दोन पावसाळे नांगर म्हणून लावत नाहीत. पाऊस पडतो, मीठ धुतो, ते पाणी ओहोटीला खाडीत सोडून द्यायचं, की तिसऱ्या वर्षी भात. तोवर बघणाऱ्याला काय दिसतं? पांढरी, तडकलेली, मेलेली जमीन. नाथा म्हणायचा, "गुरुजी, शेत मेलां नाय, निजलांय." निजलंय! आणि आमच्या नकाशात काय? — पडीक, बेवारशी. झालं! समारंभात नकाशा कलेक्टरसाहेबांना भेट दिला, तो कचेरीत भिंतीवर चढला, आणि वर्ष उलटायच्या आत कचेरीनं ठरवलं की ही जागा मिठागराला द्यायची. नाथा रडत गेला, तर कारकून भिंतीकडे बोट दाखवतो. म्हणे, हायस्कुलानं वर्षभर मोजून लिहिलंय, तू काय सांगतोस? कागद दाखव! त्याच्याकडे कुठला कागद? आज्यानं बांध घातला, तोच त्याचा कागद.

संताप येतो हो! या मुलांना काय म्हणावं? त्या शेतावर गोपीनाथ होता, वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा — अरे गाढवा, समोर मालक उभा, त्याच्या हातची भाकरी तुझ्या हातात, आणि बेवारशी? — काय? कच्ची प्रत बघायचीय? ती काय खुंटीवर, घ्या. जपून, कडा फाटल्यात. मुलांचीच अक्षरं ती, गिचमिड, मुंगीचे पाय. दिव्याची बाजू ही अशी — हं, तेच शेत. काय बघताय एवढं वाकून? बोट उचला तिथलं.

उचला म्हणतो ना!

बरं. दिसलं तर दिसलं. ते 'पडीक, बेवारशी' — नाही ते अक्षर मुलाचं. वळणदार आहे, शाईही वेगळी आहे, आणि खाली खोडलेलं आहे ते वाचता येतंय — "नाथाचं शेत, मीठ धुण्यास ठेवलेलं." गोपीनाथनं लिहिलं होतं. वाद घातला कारट्यानं माझ्याशी! मी म्हटलं, गावगप्पा नकाशात लिहायच्या नसतात, जे डोळ्यांना दिसतं ते लिहायचं. आणि ओढली रेघ. मी. समारंभ आठ दिवसांवर आला होता हो! साहेबांपुढे "निजलेलं शेत" म्हणून ठेवायचं? हसले असते!

नाथा आलेला, सोमवारी. तुम्ही बसलात ना, तिथंच बसला — नाही, खोटं कशाला, तो खाली अंगणात बसला, वर ये असं मी म्हटलंच नाही. बुधवारी कचेरीत सुनावणी होती. म्हणाला, गुरुजी, तुमी निस्तं येऊन सांगा, नकाशात चूक जाली. एवढंच. शिव्या नाहीत, शाप नाहीत. मी म्हटलं, बघू.

आज वार कुठला? शुक्रवार. मलाही ठाऊक आहे शुक्रवार, मोजू नका बोटांवर! बुधवारी कुठं होतो म्हणजे? इथंच होतो. या झोपाळ्यावर. पगडी घातली होती, उपरणं घेतलं होतं, आणि दुपार टळेपर्यंत झोके घेत होतो.

द्या ती प्रत इकडे. उठा, तुमची गाडी चुकेल. गोदू, राहू दे ते गूळपाणी, पाहुणे निघाले.