तारेचं दुसरं टोक

मी खुशाल देवराव उंदीरवाडे, वय ३४, धंदा धानशेती व मजुरी, राहणार चिचखेडा, पोंभुर्ण्याजवळ, जिल्हा चंद्रपूर. ठाण्यावर स्वतः येऊन पुरवणी जबाब देतो तो असा:

कालच्या जबाबात मी सांगितले की, माझ्या शेजारी लच्छू नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा इसम राहतो. त्याने विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार सोडवून तिचे दोन सारखे तुकडे केले. बाटल्यांची तोंडे फोडून त्यांत टोके अडकवली आणि तार दोन बांबूंवर ताणली. मधून एक वायर घरात त्याने जोडलेल्या मशीनच्या पेटीत नेली. नुसता रेडिओ ऐकायला एवढा खटाटोप कोणी करत नाही, म्हणून मला संशय आला. ताणताना तारेचे दुसरे टोक माझी बायको कमला हिने धरले होते. ती हसत होती. तेही मी पाहिले.

तार ताणल्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल दुपारी, बाजारभाव ऐकायला मी रेडिओ लावला. काटा फिरवताना कमलाचा आवाज आला. धान लावतानाचं, रोवण्याचं गाणं म्हणत होती. घरी मी म्हण म्हटलं तर हिचा घसा दुखते! माझ्या अंगाची आग झाली. मी कुंपणावरून ओरडलो, "काय लावलं रे हे, लच्छ्या?" तो म्हणाला, "खुशालभाऊ, गावची गाणी गावाले ऐकवून राह्यलो. तुमी बी या ना." मी गेलो नाही. तडक ठाण्यात आलो आणि जंगलवाल्यांना, म्हणजे नक्षल्यांना, निरोप देणारी मशीन गावात आहे, असे सांगितले. जंगलवाल्यांचे मी काही पाहिलेले नाही. जळलो होतो, तोंडाला आले ते बोललो.

आज सकाळी लच्छूसोबत कमलालाही आणले. मी जवळ गेलो तर तिने तोंड फिरवले. साहेब म्हणतात, आवाज तिचा, म्हणजे निरोपही तिचाच. गाण्यातले बांधी (धानाचे वावर), पाणी हे खुणेचे शब्द आहेत. अहो साहेब, रोवण्याच्या गाण्यात पाणी नाई येईन तं काय येईन?

आता विचारल्यावरून सांगतो की, तो आवाज कमलाचा नव्हता. माझा होता. आमच्या दंडारीत, म्हणजे गावच्या नाचगाण्याच्या खेळात, बाईचे सोंग पुरुषच घेतात. चिचखेड्यात ते मी घेतो, बायकी आवाजात गातो. कोणालेही विचारा. मग स्वतःच्याच आवाजाची तक्रार काऊन केली, असे साहेबांनी विचारले. मी पुन्हा तेच सांगितले, आवाज माझाच.

साहेबांनी गाऊन दाखवायला सांगितले. मी उभा राहून दोन ओळी गायलो. आवाज फाटला. हवालदार हसले. मी म्हटले, "रडू आलं म्हून फाटला, साहेब. घोटभर पानी द्या, पुन्हा म्हणतो. पण तिले घरी जाऊ द्या."

जबाब मला वाचून ऐकवला. मी बोललो तसाच उतरवला आहे, त्यात फरक नाही.

निशाणी डावा अंगठा, खुशाल देवराव उंदीरवाडे
डिसेंबर १९८७