दोघींचं क्रियापद

आल्बीना : आणि परीक्षेत आईवडिलांबद्दल विचारल्यावर काय म्हणालीस?

लेत्का : चुकले. "राहतात" म्हणाले.

आल्बीना : म्हणजे अनेकवचन! दोन माणसं आहेत ती, पलटण नव्हे. चार वर्षं माझ्याकडे भाड्यानं राहिलीस, चार वर्षं हेच घोकून घेतेय. एकाला एक रूप, दोघांना वेगळं, आणि तिघांपासून पुढे सगळं जग. स्लोव्हेनियातलं शेंबडं पोरही चुकत नाही यात.

लेत्का : शेंबड्या पोरांचं मला नका सांगू. पाठ घ्यायला बालवाडीत गेले होते, तेव्हा तीन वर्षांचं एक पात्र मला म्हणालं, "बाई, आम्ही दोघंच आहोत, तुम्ही अख्ख्या वर्गाला का बोलावताय?"

आल्बीना : बरोबर बोललं. तुमच्या मॅसिडोनियात दोन आणि दोनशे सारखेच. म्हणून तर तुमच्याकडे साखरपुड्याला गाव जेवतो.

लेत्का : आणि तुमच्याकडे पाहुणे मोजून सुपात शेवया टाकतात.

आल्बीना : मोजूनच टाकायच्या असतात. गिरणीच्या कचेरीत जन्मभर हिशेब लिहिलेत मी, मला नको शिकवू. मुद्द्यावर ये. नापास ना?

लेत्का : ऐका तरी! परीक्षा घेणाऱ्या बाईंनी पेन खाली ठेवलं, तेव्हा मला वाटलंच, आटोपलं. भाषेचा दाखला नाही तर बालवाडीत नोकरी नाही, नोकरी नाही तर इथे राहायचा परवाना नाही. पदवीची गुंडाळी करा आणि बसा परत घरी, श्तिपला जाणाऱ्या बसमध्ये. तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं, रविवारी काय करता?

आल्बीना : लोळते म्हणालीस?

लेत्का : सुपाचं सांगितलं. आम्ही दोघी सूप करतो, भोपळ्याच्या बियांचं तेल किती घालायचं यावरून भांडतो, मग नदीकाठी फिरायला जातो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवतो.

आल्बीना : "दोघी" म्हणालीस?

लेत्का : सगळी क्रियापदं दोघींचीच. एकही घसरलं नाही. आठवावंसुद्धा लागलं नाही मला. बाई म्हणाल्या, ही दुसरी कोण, सासू का?

आल्बीना : सासू! मी?

लेत्का : म्हटलं, घरमालकीण. तर खो खो हसल्या. म्हणाल्या, "तुमचं द्विवचन एकाच माणसापुरतं पक्कं आहे, पण आहे मात्र पक्कं." आणि पास केलं.

(आल्बीना उठते, चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचलते, आत न बघताच परत ठेवते.)

आल्बीना : मग परवान्याचं काम झालंच म्हणायचं.

लेत्का : करारावर सही झाली की.

आल्बीना : होईल. कोपऱ्यावरच्या बालवाडीतली ती जाडी माझ्या ओळखीची आहे.

लेत्का : त्यांच्याकडे जागा नाही. इथे मारिबोरात कुणाकडेच नाही. मी सगळ्यांना विचारलं. एकाच ठिकाणाहून होकार आलाय. कोपरहून.

आल्बीना : समुद्रावरचं कोपर? देश आमचा रुमालाएवढा, त्यातही तू पार पलीकडचं टोक शोधून काढलंस!

लेत्का : मी कुठं शोधलं? त्यांनी मला शोधलं. आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय.

आल्बीना : आईला सांगितलंस?

लेत्का : सांगितलं. म्हणाली, "तिकडेच आहेस ना, मग काय फरक पडतो?" शेजारणीला पेढे वाटल्यासारखं सांगूनही आली, लेक परदेशात मास्तरीण झाली म्हणून.

आल्बीना : तिचं बरं आहे. तिची वजाबाकी चार वर्षांपूर्वीच उरकली.

लेत्का : आल्बीनाबाई, तुम्ही म्हणालात तर मी त्यांना नाही म्हणून कळवते.

आल्बीना : आणि परवाना? कचेरीत माझं सूप दाखवून मागणार?

लेत्का : इथे काहीतरी मिळेलच की.

आल्बीना : काहीतरी म्हणजे हॉटेलातली ताटं. तसल्या शहाण्या पुष्कळ पाहिल्यात मी. स्वस्त जेवणाची कुपनं सुटू नयेत म्हणून कॉलेजात पुन्हा पुन्हा नाव घालतात, आणि केस पिकले तरी विद्यार्थिनीच. कर फोन.

लेत्का : तिथे वारा फार असतो म्हणे.

आल्बीना : असतो. किडमिडीत माणसं उडतात त्यात. तू चार घास जास्तच खातेस, तुला धोका नाही.

लेत्का : आणि तुमचं काय?

आल्बीना : मी कशाला मरायला जाऊ तिथे?

लेत्का : तिथलं नाही हो. इथलं. रविवारचं.

आल्बीना : रविवार काय तू घेऊन आली होतीस श्तिपहून? तुझ्याआधीही यायचे, आपल्या पायांनी. फोन कर, कचेऱ्या लवकर बंद होतात.

लेत्का : करते... हॅलो, मी लेत्का. हो, मारिबोरहून. पास झाले. हो, येते. पुढच्या महिन्यापासून चालेल. राहायला? नाही... एकटीच आहे.

आल्बीना : ठेवलास?

लेत्का : ठेवला.

आल्बीना : एकवचन मात्र स्वच्छ बोललीस हो.

लेत्का : आल्बीनाबाई...

आल्बीना : डोळे पूस, सुपात मीठ आधीच पुरेसं आहे. आता खोलीची जाहिरात द्यायला हवी. नवी पोरं याच दिवसांत खोल्या हुडकत हिंडतात.

लेत्का : मी लिहून देऊ?

आल्बीना : लिही. खोली उजेडाची. नदी जवळ. स्वयंपाकघर सामाईक.

लेत्का : भाषेची शिकवणी फुकट, असं घालू?

आल्बीना : अजिबात नको. तेवढंच लिही. आणि कुणी बघायला आलंच, तर मी सांगेन, भिंतीला ओल येते म्हणून.