टोरे एक्ब्लाडचा शेवटचा डाव

—नाही नाही, चारुता, बस. मंडळाच्या दिवाळी अंकाला टोरेवरच लेख हवा ना, मग माझ्याशिवाय सांगणार कोण? वेंटवर्थव्हिलच्या हॉलमध्ये बारा वर्षं बुद्धिबळाचे पट मांडलेत मी त्याच्यासोबत. लिही — जन्म गोथेनबर्गचा, बाप गोदीत वेल्डर, तेविसाव्या वर्षी ग्रँडमास्टर. स्वीडनकडून सहा ऑलिम्पियाड. एकदा तर जगज्जेत्याला हरवतच आणलं होतं, शेवटी बरोबरी केली — का म्हणून विचारलं तर म्हणायचा, भूक लागली होती. बायको इथली, म्हणून सिडनीला आला. ती गेली, हा राहिला. मग आपल्या मुलांना शिकवायला लागला. माझी मयूरा तर आठव्या वर्षापासून त्याच्याकडे. तिच्या वाढदिवसाला वेलचीचे पाव भाजून आणायचा आणि दारातूनच "काय गं" म्हणायचा — तेवढंच मराठी यायचं त्याला.

शेवटचा डाव? तोही हवाय? बरं. मार्चमधली शनिवारची आर्वो, म्हणजे दुपार. मीच पंच. मुलीच्या टेबलावर बाप पंच — छोटी स्पर्धा, चालतं इथे, नो वरीज. बाकीचे डाव संपले होते, लोक बाहेर खायला गेलेले. राज्याच्या संघात निवड होण्यासाठी मयूराला तेवढा एक गुण हवा होता, समोर टोरे, आणि ती हरत होती — साफ हरत होती. चार चालींत मात. आणि टोरे खेळायचाच थांबला. मला वाटलं, विचार करतोय. म्हणजे — आधी वाटलं. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलला, शब्द सगळे एकमेकांत विरघळलेले, तोंड एका बाजूला ओघळलेलं. मयूरा म्हणाली, "बाबा, त्यांना बरं नाहीये. घड्याळ थांबवा." मी म्हणालो, "तू पटाकडे बघ." डाव चालू असताना बोलायचं नाही, नियम आहे. पंच घड्याळ थांबवू शकतो, हो, शकतो, पण त्याची सव्वीस मिनिटं उरली होती आणि — ती रडत होती, तरी बसून राहिली. ऐकायची माझं तेव्हा. त्याची वेळ संपली, मी मयूरा जिंकली असा निकाल लिहिला, मग ॲम्ब्युलन्स बोलावली. त्यांनी पहिलं हेच विचारलं, हे कधी सुरू झालं? मी म्हणालो, आत्ताच. मयूरा शेजारी उभी होती.

आता ब्लॅकटाउनला नर्सिंग होममध्ये असतो. बोलत नाही. मयूरा शनिवारी जाते, मोहरे लावून देते, तो नुसता बघत बसतो. निवड झाली होती तिची, गेलीच नाही. त्याच्या खोलीत म्हणे तासन्‌तास बोलते. घरी मान खाली घालून जेवते आणि उठते —

हे कशाला लिहितेस? सव्वीस? मी सव्वीस म्हणालो नाही. थोडा वेळ म्हणालो. तो फोन उलटा का ठेवलायस? रेकॉर्ड करतेयस? — दे इकडे. नाही, ऑलिम्पियाडपर्यंतच छाप, पुढचं काही नाही. नीघ तू.