माझ्या पगाराला माझीच कात्री

...आणि वर मला म्हणतात, "तुम्हीच वाचून दाखवा!" म्हणजे बघा, माझ्या पगाराचा पाव भाग दरमहा कापायचा, असा हुकूम कर कार्यालयातून आला, तो माझ्याच टेबलावर आला, पाकीट फोडलं मी, आवक रजिस्टरात नोंद केली मी, शिक्का मारला मी, आणि मग कर्मचाऱ्याचं नाव वाचलं तर... मीच! तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं पगार विभागात काढली, पण त्या दिवशी मी खुर्चीतून ताडकन उठलो आणि तसाच परत बसलो. उठून जायचं कुठे? विभाग म्हणजे मी एकटाच.

आमचा कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. एकशे चाळीस माणसं खोकी बनवतात आणि मी काचेच्या एका खोलीत बसून त्यांचे पगार बनवतो, एका अंगाला वजनकाटा, दुसऱ्या अंगाला खळीचं पिंप, त्यामुळे माझ्या कपड्यांना गेली बावीस वर्षं खळीचाच वास आहे. सगळे मला म्हणतात 'कात्री'. तोंडावर म्हणतात, हां, पाठीमागे काय म्हणतात ते मी कधी विचारलं नाही. उशिरा आला, काप. उचल घेतलेली, काप. सोसायटीचा हप्ता, काप. कुणी कुरकुरलं की मी चष्म्यावरून बघायचो आणि म्हणायचो, "मी काय करू, नियम आहे." आता हे मी कुणाला म्हणू? कापणारा मीच, कापला जाणाराही मीच, तक्रार करू कुणाकडे?

तुम्ही म्हणाल, कर थकलाच कसा, पगारदार माणसाचा तर परस्पर कापून जातो. अगदी बरोबर. पगाराचा गेलाच होता, मीच कापला होता! थकला तो वरकड कमाईचा. त्याचं असं झालं... कारखान्यातल्या लोकांना कराचा फॉर्म भरता येत नाही. दरवर्षी माझ्या खिडकीशी रांग, "कात्रीभाऊ, एवढा भरून द्या ना." मी भरून द्यायचो, थोडीशी फी घ्यायचो. थोडीशी म्हणजे महिनाभराच्या चहाची. पण त्रेपन्न जणांचा महिना-महिनाभराचा चहा, सहा वर्षं... हिशेब केलात? मी नाही केला! मी जगाचे हिशेब केले, हा तेवढा राहिला.

बरं, राहिला तर राहिला, कुणाला कळणार होतं? पण आमचा स्वभाव पडला काटेकोर. फॉर्ममध्ये एक रकाना असतो, 'फॉर्म भरून घेण्यासाठी केलेला खर्च', तो उत्पन्नातून वजा करता येतो. आता वजा करता येतं म्हटल्यावर माझा हात थांबतो होय? त्रेपन्नच्या त्रेपन्न जणांच्या फॉर्मात मी तो खर्च टाकला. आणि समोर 'रक्कम कोणाला दिली' असं होतं, तिथे सुवाच्य अक्षरात माझं नाव. पुढे माझा कर क्रमांक. अहो, पिनकोडसुद्धा सोडला नाही हो मी! सहा वर्षं मी स्वतःविरुद्ध, स्वतःच्या अक्षरात, साक्षीपुरावा जमा करत होतो आणि दरवेळी खाली लिहीत होतो, 'माहिती खरी व बरोबर आहे.'

पहिली नोटीस आली तेव्हा मूळ कर, व्याज आणि दंड धरून चार पगारांची रक्कम होती. मी सगळं पगारात मोजतो, सवयच लागलीये. मला वाटलं, हिला कळायच्या आत मिटवून टाकावं. ही म्हणजे आमची बायको. ती घरी शिवणकाम करते, आणि गेली पाच वर्षं एका मशीनसाठी पैसे साठवतेय, ते कापडाच्या कडा बांधायचं मोठं मशीन असतं ना, ते. ते आलं की तिला शाळेच्या गणवेशांचं काम मिळणार. पिठाच्या डब्यामागे एक चपटा डबा आहे, त्यात ते पैसे. त्या डब्याकडे बघायची माझी छाती नव्हती. म्हणून काय केलं? क्रेडिट कार्ड काढलं. त्यावरून दोन पगार उचलले आणि अर्धा कर भरून टाकला. किती हुशार माणूस! मग कार्डाचं व्याज सुरू झालं, ते भरता भरता उरलेला अर्धा कर राहिला, तो राहिला म्हणून हा कापायचा हुकूम आला, आणि तो आला म्हणून कार्डाचे हप्ते राहिले. एका भोकावर ठिगळ लावायला मी दुसरीकडून कापड कापलं, आणि हे ज्याच्या घरात शिलाई मशीन आहे त्या माणसाने!

तर तो हुकूम. त्यात कलमं होती. हुकूम कर्मचाऱ्यास समक्ष बसवून वाचून दाखवावा. त्यास समजल्याची खात्री करावी. शंका असल्यास निरसन करावे. सही घ्यावी. मी साहेबांकडे गेलो, म्हटलं, "साहेब, हे जरा तुम्ही..." साहेब खोक्यांच्या ऑर्डरीत बुडालेले, मान वर न करता म्हणाले, "पगार विभागाचं काम पगार विभागाने करायचं. आणि नीट करा, वर्षअखेरीला तपासणी आहे."

बसलो. समोर रिकामी खुर्ची. काचेपलीकडे खळीवाला, वजनकाट्यावरचा आणि पॅकिंगच्या चार बायका, सगळ्यांची कामं अचानक माझ्याच काचेशी निघालेली. मी घसा खाकरला आणि वाचलं, "आपणास कळविण्यात येते की..." आणि मलाच कळवलं. मग विचारलं, "समजलं का?" समजलं. "काही शंका?" आता खरं म्हणजे शंका होती, की पाव भाग हा हातात येणाऱ्या पगाराचा की एकूण पगाराचा? पण उत्तर मला माहीत होतं, एकूणचा. मी म्हटलं, एकूणचा कसा, हा अन्याय आहे. आणि लगेच, तुम्हाला शपथेवर सांगतो, माझ्याच तोंडातून माझ्याच आवाजात निघालं, "मी काय करू, नियम आहे." पॅकिंगच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. हुकुमाच्या तळाशी आणखी एक कलम होतं, 'कर्मचाऱ्याने उद्धट वर्तन केल्यास नोंद करावी.' मी नोंद केली नाही. तेवढी सूट दिली स्वतःला. कापणारा मीच, कापला जाणाराही मीच, तक्रार करू कुणाकडे?

महिनाअखेरीला हिने विचारलं, "अहो, पगार कमी कसा?" मी म्हटलं, "कारखान्यात मंदी आहे. सगळ्यांचाच कापलाय." छान थाप होती. आठ दिवस टिकली. नवव्या दिवशी खळीवाल्याची बायको झंपर सैल करून घ्यायला आमच्याकडे आली आणि माप देता देता म्हणाली, "आमच्या ह्यांना यंदा पगारवाढ मिळाली हो." ही काही बोलली नाही. तोंडात टाचण्या होत्या. पण टाचण्या काढल्यावर बोलेल, म्हणून मी वाट बघत होतो, तर तेव्हाही बोलली नाही, आणि मग मीच सगळं ओकून टाकलं. त्रेपन्न फॉर्म, नोटीस, कार्ड, हुकूम. मला रडू आलं, लपवत नाही तुमच्यापासून. करासाठी नाही हो, त्या चपट्या डब्यासाठी. पाच वर्षं ती बाई एकेक गुंडी शिवून पैसे टाकत होती त्यात.

तिने फक्त एवढंच विचारलं, "पिनकोड कशाला लिहिलात?"

आणि तेवढ्यात फोन. कार्डवाल्या बँकेचा माणूस. त्याचा आवाज असा गोड, की फोन कानाला चिकटेल. "नमस्कार सर, कसे आहात सर? तुमच्यासाठी एक खास तडजोड योजना आहे सर. तीन पगारांची बाकी आहे," पगार मी म्हणतोय, तो आकडा म्हणाला, "तर त्यातले फक्त ऐंशी टक्के एकरकमी भरा, वीस टक्के माफ." मी 'हो' म्हणणारच होतो, वीस टक्के सूट कुणी सोडतं का? हिने फोन काढून घेतला. खांद्यात धरला आणि मशीन सुरू केलं. खडखडखड... "बोला." तो बोलायला लागला की हिचं पायडल सुरू, तो थांबला की पायडल बंद. "काय म्हणालात? ऐकू नाही आलं." त्या माणसाने ती खास योजना चार वेळा सांगितली, आणि दरवेळी कंटाळून पाच-पाच टक्के कमी केले!

मग ही म्हणाली, "भाऊ, यांच्या पगारावर कराची जप्ती आहे. पाव भाग आधीच जातो. तुमचा नंबर त्यांच्या मागे. हुकुमाची प्रत पाठवू? आमच्याच यांनी स्वतः साक्षांकित केलेली आहे." "थांबा मॅडम, वरिष्ठांशी बोलतो." वरिष्ठ आले, त्यांनाही मशीन ऐकवलं. तीन दिवस हे चाललं, आणि शेवटी पस्तीस टक्क्यांवर मिटलं. पस्तीस! "आधी लेखी द्या, मग पैसे," ही म्हणाली, आणि लेखी घेतलं. आणि मग तो चपटा डबा काढला. मी खिडकीबाहेर बघत होतो. तिने पैसे काढले, डबा पुसला आणि परत जागेवर ठेवला, रिकामा. मोठं मशीन गेलं. मी म्हटलं, "अगं..." ती म्हणाली, "हात धुवा, जेवायला बसा." मला वाटलं, सुटलो. निदान एक दार तरी बंद झालं.

दोन महिन्यांनी पाकीट. माझ्याच टेबलावर. कर कार्यालय. 'आपणास बँकेने पासष्ट टक्के रक्कम माफ केल्याचे कळते. सदर रक्कम आपले उत्पन्न समजण्यात येत असून...' मी धावत कर कार्यालयात गेलो. खिडकीत एक चष्मेवाल्या बाई. मी म्हटलं, "बाई, अहो माफ झालेले पैसे हे उत्पन्न कसं? मला मिळालं काय?" बाई शांतपणे म्हणाल्या, "सूट मिळाली ना? ती उत्पन्नात धरतात." मी म्हटलं, "पण मी तर कंगाल झालोय." त्या म्हणाल्या, "मी काय करू, नियम आहे." तुम्हाला सांगतो, ते वाक्य समोरून ऐकायला कसं लागतं हे मला त्या दिवशी कळलं. परत जाऊन एकशे चाळीस जणांची माफी मागावीशी वाटली. बाईंनी माझी फाईल मिटली, आणि जरा पुढे झुकून म्हणाल्या, "पण फॉर्म फार नीट भरता हो तुम्ही. आमच्याकडे कौतुक आहे तुमच्या अक्षराचं."

म्हणजे जुनं-नवं धरून कपात आणखी नऊ महिने. हिने घासाघीस करून जेवढी सूट मिळवली तेवढ्यावर कर. म्हणजे ती थोडी कमी भांडली असती तर कर कमी लागला असता, हे मला हिशेबात स्पष्ट दिसत होतं, पण बोललो नाही, मला घरात राहायचंय. कापणारा मीच, कापला जाणाराही मीच...

तिने पत्र वाचलं. म्हणाली, "नऊ महिने?" म्हटलं, "नऊ." म्हणाली, "बरं." आणि दुसऱ्या दिवशी ते कडा बांधायचं मशीन घरात! जुनं, बंद पडलेल्या एका शिवणवर्गातलं, हप्त्यावर, तिच्या नावावर. "तुमच्या नावावर यापुढे घरात झाडूसुद्धा आणायचा नाही," असं स्वच्छ सांगितलं. गणवेशांचं काम आलं. दोनशे चड्ड्या. तिला कडा बांधायला माणूस हवा होता, तर संध्याकाळी कारखान्यातून आलो की मीच बसतो. सरळ शिवतो हो मी, माझं अक्षर जसं आहे ना, तशीच शिलाई. काल हिंमत करून विचारलं, "अगं, एवढ्या चड्ड्या झाल्या, मला काही पगार?"

ती दोरा तोडत म्हणाली, "पगार दिला की त्यातला पाव भाग ते घेऊन जाणार. त्यापेक्षा नकोच."

मी पुढची चड्डी घेतली. हिशेब बरोबर होता तिचा.