अर्ज त्यांचा, घाई अण्णांची

(कल्याण. देवळाच्या सभामंडपाला लागून असलेली खोली. कीर्तनाचा पूर्वरंग संपला आहे. मध्यंतरात बाहेर भजन चाललं आहे.)

अण्णा : नाही नाही, आधी तू बस. न्यायमूर्ती उभ्या आणि मी खुर्चीत, बरं दिसतं का ते?

आसावरी : इथे मी न्यायमूर्ती नाही, अण्णा. आईच्या मागे उभी राहून झांज वाजवणारी आहे. आणि खुर्ची एकच आहे, ती आईला.

सरोजताई : मला नको गं. एकदा बसले की गुडघे उठू देत नाहीत, अजून अख्खा उत्तररंग व्हायचाय. अण्णा, तुम्ही हार घालायला आलात ना? तो बाहेर घालतात, गादीवर. इथे आत काय काम काढलंत?

अण्णा : ताई, दोन मिनिटं लेकीशी बोलतो. घरचंच आहे.

आसावरी : घरचं असेल तर बोला. आंबिवलीच्या मैदानाचं असेल तर नको. सोमवारी ते अपील माझ्यापुढे आहे.

अण्णा : केसबद्दल एक अक्षर नाही! मी तुझ्याबद्दल बोलतोय. पेपरात काय काय येतंय, वाचतेस की नाही? गावकऱ्यांच्या वकिलाने अर्जच टाकलाय. या बाई एके काळी अण्णांच्या पक्षाच्या नगरसेविका, मैदान मिळालंय अण्णांच्या शिक्षणसंस्थेला, तर यांनी हे अपील ऐकू नये. कशाला टेन्शन घेतेस? सरळ बाजूला हो. ऐकेल दुसरं कुणीतरी.

आसावरी : अर्ज वाचलाय मी.

सरोजताई : खोटं काय आहे त्यात? होतीच ती तुमच्या पक्षात. रात्रंदिवस पोस्टरं चिकटवायची. हात कितीही घासले तरी जेवताना ताटाला खळीचा वास!

अण्णा : पोस्टरं काय घेऊन बसलात ताई, भाषणं ठोकायची! मीच तिकीट दिलेलं. लोक बोलले, कीर्तनकार बाईंची पोरगी, ही काय करणार, टाळ कुटणार. मी बोललो, टाळ नाही, टाळकी कुटेल.

आसावरी : आणि पहिल्याच वर्षी तुमचंच कुटलं.

अण्णा : ते कशाला आता!

आसावरी : का नको? चाळींचं पाणी बिल्डरच्या टॉवरकडे वळवायचा ठराव होता. पक्षाचा आदेश आला, हात वर करा. माझा एकटीचा खाली होता. सभागृहाबाहेर तुम्ही मला म्हणालात, "घरी जा आणि भाकऱ्या थाप."

सरोजताई : गेली नाही घरी. पक्ष सोडला, काळा कोट चढवला आणि इथल्याच कोर्टात उभी राहिली.

अण्णा : रागात बोललेलो हो. पण हायकोर्टात नेमणूक झाली तेव्हा पेढे घेऊन आधी कोण आलेलं?

आसावरी : तुम्ही. मी पाया पडले तुमच्या. आज आल्या आल्याही पडले, पुढेही पडेन. चारचौघांत तोंड उघडायला तुम्ही शिकवलंत मला. पण एक कळत नाही. मी नको, असं गावकऱ्यांना वाटतं. ठीक आहे, ते मला ओळखत नाहीत. तुम्हाला का एवढी घाई?

अण्णा : मला कसली घाई? तुझी बदनामी...

आसावरी : त्यांना वाटतं मी तुमची आहे. खरंच असते, तर तुम्ही आरामात घरी बसला असता. तुम्ही तर मध्यंतर गाठून आलात.

सरोजताई : बोला ना अण्णा. भजन आटोपत आलंय.

अण्णा : बरं, ऐक. तू कुणाच्या मुठीत राहणारी नाहीस, हे त्या ठरावाच्या दिवशीच समजलेलं मला. संस्थेतले सगळे रोज माझं डोकं खातात. या वयात मैदान हातचं गेलं तर हसतील लोक. बोलतील, अण्णाने हिला मोठी केली आणि हिनेच अण्णाला आडवा केला. एवढं कर ना माझ्यासाठी. कधी काही मागितलंय तुझ्याकडे?

सरोजताई : अण्णा, माझं पहिलं कीर्तन ह्याच देवळातलं. मध्यंतरात माझे वडील उठले आणि सगळ्यांदेखत माझ्या पाया पडले. मी लाजेने मागे सरकायला लागले. ते हळूच म्हणाले, "हलू नकोस. तुझ्या नाही, नारदाच्या गादीच्या पडतोय." घरी गेल्यावर त्यांच्या पायावर डोकं ठेवून मी पोटभर रडले. पण गादीवरून हलले नाही.

अण्णा : ते देवाचं झालं, ताई. हे कोर्ट आहे.

सरोजताई : उभं राहायला दोन्हीकडे सारखंच लागतं हो.

आसावरी : सोमवारी खुर्चीत बसल्यावर माझं पहिलं वाक्य काय असेल, ते आत्ताच सांगते. "या संस्थेचे अध्यक्ष मला भेटले आणि मी हे अपील सोडावं अशी विनंती त्यांनी केली." खुल्या कोर्टात, दोन्ही वकिलांसमोर. मी नगरसेविका होते, तिकीट कुणी दिलं, तेही सांगेन.

अण्णा : आणि माझ्या पाया पडतेस ते?

आसावरी : तेही.

अण्णा : एवढं ऐकून त्यांचा वकील नकोच म्हणाला तर?

आसावरी : म्हणू दे. त्याचं सगळं नोंदवून घेईन आणि कारणं लिहून अर्ज फेटाळेन. त्याला दिल्लीचं सुप्रीम कोर्ट मोकळं आहे. दोन्ही बाजूंना मी नकोशी आहे म्हणून उठायचं? मग उद्या जो तो आपल्या सोयीचा न्यायाधीश शोधत फिरेल. राजकारणातून आले, याची मला लाज नाही, अण्णा. नळावर रांगेत उभ्या असलेल्या बायका मी तिथेच पाहिल्या. पण त्या वेळी आदेशावर हात वर केला नाही, तो आता विनंतीवर करू?

अण्णा : माझं नाव घेशील?

आसावरी : पूर्ण. वडिलांच्या नावासकट.

सरोजताई : चला, भजन थांबलं. अण्णा, हार घ्या.

अण्णा : अजून माझ्याच हातून?

सरोजताई : मग कुणाच्या? उत्सवाचे अध्यक्ष तुम्ही. रुसून गेलात तर एवढं रंगात आलेलं आख्यान चुकेल तुमचं.

अण्णा : चला... आसावरी, एकच. निकाल काय देणारेस, तेवढं तरी सांग. मनाची तयारी करतो.

आसावरी : मला कुठे ठाऊक आहे, अण्णा? तुमच्या वकिलाचं अजून ऐकलंच नाहीये मी.