आपला विषय पाचवा

उभ्यानं मीटिंग घ्याची म्हनलं तं माह्या गुडघ्याले कोनी विचारलं काय, एवढंच माहं म्हननं हाय... बाकी माही काई तक्रार नाई. तुमाले सांगतो, देऊळघाटच्या रस्त्यावर आपली शेतकऱ्यायची कंपनी हाय, सोयाबीन चाळाची, निवडाची, पोत्यात भराची, अन् त्या चाळनीच्या मशीनवर मी, किसनराव, आठ वर्षांपासून. आता आमचे मॅनेजर चंद्रशेखर साहेब शेगावले दोन दिवसांचं शिबिर करून आले. कायचं, तं मीटिंग कशी घ्याची त्याचं. आता मीटिंग घ्याले शिकाव लागते काय हो? पन शिकून आले, अन् आल्याबरोबर भिंतीवर कागद चिकटवला. मीटिंग दर सोमवारी, वीस मिनिटं, सगळ्यायनं उभं राहाचं, विषय आधी लिहून द्याचा, अन् मंजुरी जे काई असन ते मीटिंगमंदीच, केबिनमंदी कोनी याचं नाई.

म्हनलं चांगलं हाय. मले काय, एका शुक्रवारची सुट्टी पाह्यजे होती. पोरीचा, करिष्माचा साखरपुडा, तिकडं सुलतानपूरले. तीन आठवडे हातात होते. आधी कसं, साहेब चहा पीत असले की दारातून विचाराचं, त्यायनं मान हलवली की झाली सुट्टी. आता अर्ज लिहिला, हापिसातल्या पूनम मॅडमनं यादीत टाकला. आपला विषय पाचवा.

पाचव्याले काय धाड भरली, वीस मिनिटात पाच विषय होतेत की! पन आमचे अध्यक्ष भगवानराव, ते काई शिबिराले गेलते काय? ते आले अन् म्हने, "साहेब, सत्कार झाल्याबिगर मीटिंग सुरू होते काय कुठं?" मंग साहेबायनं शिबिर पूर्ण केलं म्हनून साहेबायचाच सत्कार. शाल अन् नारळ. शाल एकच हाय अन् नारळबी एकच, दिवाळीपासूनचा, सत्कार झाला की पूनम मॅडम दोन्ही परत कपाटात ठेवते... हलवून पाहा, पानी वाजत नाई. मंग भगवानरावायचं प्रास्ताविक, कंपनी स्थापन झाली त्या सालापासून. मंग साहेबायचे दोन शब्द. पहिल्या विषयाले हात लावला अन् पूनम मॅडमचा मोबाईल वाजला, वीस मिनिटं झाली. साहेब म्हनले, "शिस्त म्हणजे शिस्त. राहिलेले विषय पुढच्या सोमवारी."

पुढच्या सोमवारी हर्षलचा सत्कार. हर्षल आमचा पिकअप चालवते, त्यानं सोताचं घर बांधलं. चांगली गोष्ट हाय, मीबी टाळ्या वाजवल्या. मंग पहिला विषय, मागच्या मीटिंगमंदी काय झालं ते वाचून दाखवनं. काय झालं होतं? सत्कार झालता. तो वाचला. दुसरा विषय निघाला अन् मोबाईल वाजला.

घरी गीताबाई, म्हंजे आमच्या घरच्या, विचारते, "झाली काय हो सुट्टी?" म्हनलं, यादीत हाय. "मंग पाहुन्यायले काय यादी दाखवू?" म्हनलं, दाखव... आपला विषय पाचवा.

केबिनच्या दारात गेलो. म्हनलं, साहेब, दोन शब्दाचं काम हाय. तं साहेब अगदी गोड आवाजात, "किसनराव, तुम्हीच नियम मोडायला लागलात तर कसं व्हायचं? मीटिंगमध्ये बोलू ना." तिसरा सोमवार आला, साखरपुड्याच्या आधीचा शेवटचा. त्या दिवशी सत्कार कोनाचा असन? सांगा बरं... साहेबायचाच! दोन मीटिंगा वेळेत संपवल्या म्हनून. भगवानराव त्यावर पंधरा मिनिटं बोलले. वेळेचं महत्त्व काय असते, यावर. मी गुडघा धरून उभा. मोबाईल वाजला.

मंग गेलो मी, बिगर सुट्टीचा. बाप हाय ना मी तिचा? पोरीनं अंगठी घातली, माहे डोळे भरून आले, खोटं कशाले सांगू. अन् त्याच टायमाले डोक्यात काय, तं आपला विषय पाचवा. पोरीच्या साखरपुड्यात बापाच्या डोक्यात हे याव काय?

सोमवारी कामावर आलो, मीटिंगले उभा राह्यलो, तं भगवानराव म्हने, "अबे किसना, पोरीचा साखरपुडा केला अन् बोलला नाई तू? सत्कार झालाच पाह्यजे!" घ्या. साहेबायनं सोताच्या हातानं मले शाल पांघरली, नारळ देला, "हार्दिक अभिनंदन, किसनराव." फोटो झाला, टाळ्या झाल्या, भगवानराव लेकीच्या बापावर बारा मिनिटं बोलले, चांगलं बोलले, मलेबी भरून आलं. मोबाईल वाजला. अन् पूनम मॅडमनं हळूच एक पाकीट हातात देलं. आत कागद, शुक्रवारी विनापरवानगी गैरहजर, खुलासा सादर करावा, खाली साहेबायची सही. म्हनलं, साहेब, आता तं तुमीच अभिनंदन केलं! साहेब म्हने, "तो सत्कार होता किसनराव, हे कामकाज आहे."

मंग मॅडमनं खांद्यावरची शाल काढून घेतली, हातातला नारळ घेतला, कपाटात ठेवला. पाकीट तेवढं मले राहू देलं. खुलासा लिहून देलाय मी. सोमवारच्या यादीत लागलाबी हाय... आपला विषय पाचवा.