पंचावन्नच्या आत

— नाही सर, बंद नोका करू, चालू असू द्या टीव्ही. हाव, कार्टूनच हाय. वीस वर्षाचा घोडा झाला आन् कार्टून पायते, म्हना ना — बाबाबी तेच म्हनते. तुमी बसा त्या खुर्चीवर, तिचा मागचा पाय हालते, भिंतीले टेकवून बसा. बाबा मंगरूळले गेले, लहान्या बहिनीच्या, स्नेहाच्या आधार कार्डाची झेरॉक्स काढाले, इथं आसेगावात मशीन दोन दिवसापासून बंद हाय. तुमी येनार म्हनून सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून फिरून राह्यले होते, लग्नातल्या मामावानी. आई सोयाबीन सोंगाले गेली. स्नेहा शाळेतून येतच असन, दूध घेऊन येईन, मंग चहा ठेवतो. तीन वर्षांनी पाय लागले तुमचे या घराले — घाई कायची हाय?

हा निळ्या जाकिटवाला दिसते का? याले उस्ताद म्हनतात. जपानचं कार्टून हाय, हिंदीत बोलते. याच्या कमरेले ज्या काचेच्या शिश्या हायेत ना, त्या एकेका शिशीत एकेक जीव हाय. जंगलात जाते, जीव हुडकते, पकडते. पकडते कसा? बिस्कीट दाखवून? गोंजारून? नाही सर. आधी आपल्या जवळच्या जीवाकडून त्याले बदडून काढते. पार लोळवते. उभं राहाची ताकद नाही राह्यली की मंग बूच काढते आन् शिशीत ओढून घेते. आन् पुढच्याच मिनिटाले त्याले म्हनते — आज से तू मेरा दोस्त. लहान होतो तवा मी या जागेवर टाळ्या वाजवत होतो, खरं सांगतो. आता वाटते, अबे, त्या जीवाले कोनी इचारलं? त्याचं घर असन, मायबाप असन, संध्याकाळी कोनी वाट पाहत असन. तसा भागच नाही. तीनशे भाग हायेत, एकातबी नाही.

आन् लढाई लागली की उस्ताद कुठं उभा राहते? पाहा, आता लागलीच हाय — पांढऱ्या रेषेच्या मागं. मार खाते तो जीव, वरडते उस्ताद. डाव्या बाजूनं घुस, खालून काढ, उठ, अजून उठ. जिंकलं की झेंडा कोनाच्या खांद्यावर? उस्तादच्या. आन् जीव कुठं? शिशीत. बूच बंद. — हसून नोका राहू सर, मी काई गमतीत नाही सांगून राह्यलो. कबड्डीत तुमीबी रेषेच्या मागंच राहत होते. "खाली बस उत्कर्ष, पाय दे, बोनस घे." अजून झोपीत ऐकू येते मले.

आठवते का कसा पकडला होता मले? नाही आठवत? मले आठवते. नववीत होतो. विहारासमोरच्या मैदानात आमी पोट्टे खेळत होतो, तुमी कामरगावहून आले, मोटरसायकल लावली आन् संत्रं सोलत पाहत राह्यले. मंग तुमच्या संगच्या तीन पोट्ट्याइले मैदानात उतरवलं आन् म्हनले, घ्या याले. तिघं एकावर. उठलो की पाडत, उठलो की पाडत. चवथ्यांदा उठलो नाही, तवा तुमी जवळ आले, हात देला आन् म्हनले, "लेका, दम हाय तुझ्यात." काय वाटलं असन सर मले? सांगू? आजवर कोनी म्हनलंच नव्हतं तसं. गुडघे फुटले होते, तोंडात माती होती, आन् मी हसून राह्यलो होतो.

पन शिशीचं बूच तुमी नाही लावलं, ते बाबानं लावलं. त्याच खुर्चीवर बसून. "पोरगा तुमचाच समजा सर." हे असं बोलाची आपल्या मोठ्या मान्साइले भारी हौस. मास्तरले म्हनतीन तुमचाच समजा, पुढाऱ्याले म्हनतीन तुमचाच समजा — पोरगं हाय का वानोळ्याचे बोरं? मी दारात उभा होतो. माह्याकडं मान वळवून एकदा तरी पाहाचं. कार्टूनातला जीव तरी बिचारा जंगलात हारला होता. मले त सख्ख्या बापानं चहा पाजून देऊन टाकलं.

मंग तुमची ती कामरगावची खोली. बियाण्याच्या गोडाऊनमागची. सात पोट्टे, एक खिडकी. सकाळी वजन, संध्याकाळी वजन. पंचावन्न किलोचा गट — पंचावन्नच्या आत राहाचं, एक ग्रॅम वर गेलं की बाहेर. दीड भाकर, भात बंद, गोड बंद. उन्हाळ्यात रेनकोट घालून पळवत होते तुमी आमाले कारंज्याच्या रोडवर, लोक गाड्या थांबवून पाहत, म्हनत या पोट्ट्याइले पावसाची खबर लागली का काय. वजनाच्या दिवशी थुकून थुकून घसा सुकवाचा. आन् ते टक्कल — ते आठवते? शंभर ग्रॅम जास्त भरलो त तुमी मले न्हाव्याकडं धाडलं. सुट्टीत तसाच घरी आलो. आई दारातच मटकन बसली, शेजारच्या चंपाबाई पदर तोंडाले लावून आल्या, "कोन गेलं व बाई?" अर्ध्या तासात अंगनात आठ जन बसले. मी म्हनतो कोनी गेलं नाही, कबड्डी हाय. कोनी आयकेच ना.

ते मले पुरलं असतं सर. खरंच. उपाशी राहनं काई नवं नव्हतं या घराले, आजे-पंजे राह्यलेच. इथं निदान कोनी टाळ्या वाजवत होतं. बारावी सोडली मी तुमच्या शब्दावर — "पेपर दरसाली येतात, खेळातला फॉर्म नाही येत दरसाली." आन् पहिला कप जिंकला तवा सगळ्याइले शिल्ड भेटलं, मले तुमी तुमच्याकडून वजनकाटा देला. डिजिटल. म्हनले, "हे तुझं खरं बक्षीस." पलंगाखाली हाय तो अजून. पायाजवळ हात घाला तुमच्या, लागन.

थांबा, हा भाग पाहा, हाच तो. त्या झुपकेदार शेपटीवाल्याचं नाव झुबकू. मुंगसावानी हाय, चपळ हाय, लहान्याच्या लढाईत कोनाले आयकत नाही. त्याच्या गळ्यातला पट्टा दिसला? तो कायचा, सांगा बरं. शोभेचा नाही. तो वाढू नये म्हनून घातला हाय. जीव हाय ना सर, वाढनारच, दात येनार, खांदे रुंद होनार. पन वाढला की मोठ्याच्या लढाईत जाईन, आन् तिथं उस्तादजवळ दुसरे हायेत. याचं काम लहानं राहून जिंकून देनं. रात्रीबी पट्टा काढत नाही. आन् या भागात पट्टा तुटते. कोनी तोडत नाही — मान वाढते आन् तटकन तुटते. तवा उस्ताद काय करते? डोळ्यात पानी आनते, त्याले डोंगरावर नेते, म्हनते आता तू आझाद. गाना लागते मागं. आन् पुढच्या भागात त्याच शिशीत दुसराच जीव. शिशी धुतलीबी नसन.

तुमी त गानाबी नाही लावला सर.

केनवडच्या स्पर्धेचा मांडव. वजन चालू होतं, चड्डीवर लाईनीत उभे होतो आमी. मी काट्यावर चढलो — छप्पन तीनशे. दोन दिवस पानी नव्हतं पेलो. सतरा वर्षाचा होतो सर, बोटभर उंच झालो होतो त्या उन्हाळ्यात, आईनं चड्डीची शिलाई उसवून देली होती. तो माहा गुन्हा. तुमी माह्याकडं पायलंच नाही, काट्याकडं पायलं. मंग मान वर केली आन् बाजूच्या संघाच्या बाबूसिंगले म्हनले, "तुमच्या पासष्टच्या गटात एक कमी हाय ना? हा घ्या. तुमचा तो चोपन्नवाला पोट्टा मले द्या." दोन मिनिटं लागली का? नाही लागली. पंचावर पंच बसले होते, माईकवर बोलनारा शालिग्राम मास्तर बसला होता, सारे पांढऱ्या केसाचे, सारे मान हालवून राह्यले — हाव, चालते, अदलाबदल चालते. माही बनियान तिथंच काढून त्या दुसऱ्या पोट्ट्याले देली तुमी. वली होती, माह्या घामानं. त्यानं घातली.

पासष्टच्या पोट्ट्याइत छप्पनवाला म्हनजे काय, तुमाले सांगाले पाहिजे का? दुसऱ्याच चढाईत तिघं बसले माह्या गुडघ्यावर. आवाज मले आयकू आला, वाळकी तुराटी मोडल्यावानी. मी पडल्या पडल्या कोनाकडं पायलं असन? बाबूसिंगकडं? त्याले त माहं नावबी माहीत नव्हतं. तुमच्याकडं पायलं. तुमी मांडवाच्या खांबाजवळ उभे होते, कागदातले भजे खात. तुमी पायलं. पायलं ना? — आन् पाठ फिरवली. तुमची मॅच लागली होती. मी समजू शकतो. मॅच लागली होती.

बाबानं काय म्हटलं माहीत? घरी आनल्यावर? "तूच कायतरी उलटा बोलला असशीन सरले." आन् तुमी वाटून देल्ले ते प्रमाणपत्राचे कागद घेऊन भरतीच्या ऑफिसात गेलो होतो लंगडत, तिथल्या मान्सानं ते उघडून नाही पायले. म्हने गावच्या जत्रेचे कागद इथं नोको आनू. त्या कागदाले किंमत नाही, हे तीन वर्षांत एकदाबी सांगाचं नव्हतं तुमी?

सोडा. काय सांगत होतो — झुबकू. उस्तादनं सोडल्यावरचे भाग स्नेहाच्या संग पायले मी. ती म्हने, "दादा, झुबकू गेला नाही. पाय ना, तिथं झुडपात हाय." खरंच होता. दर भागात कुठंतरी मागं, झाडाच्या आडून शेपटी दिसते. उस्ताद चालते, हा मागं मागं चालते. कोनी त्याच्याकडं पाहत नाही. तीस भाग. मी म्हटलं, येडपट जीव हाय, एवढं जंगल मोकळं हाय त्याले. ती म्हने, "त्याले वाटते बलावतीन." ... मीबी येत होतो सर. कामरगावले. जीपनं यायचं, रोडच्या पलीकडं ते पंक्चरचं दुकान हाय ना, तिथं बसाचं. मैदान दिसते तिथून. दोन-चारदाच. — दहा-बारादा असन. मरू द्या.

तर स्नेहा. पोरीइचा नवा गट काढला तुमी, चाळीस किलोचा. बाबा लय खूश. फॉर्म भरला, फोटो काढला, स्नेहाले नवे बूट. इचारलं कोनी तिले? हाव, तिले खेळाचं हाय, मलेबी खेळाचं होतं. चवदा वर्षाची पोरगी, एक्केचाळीस किलो. काल मी बाहेरून आलो त ही पलंगाखालून काटा काढून त्याच्यावर उभी. मले पाहून उतरली. जेवाले बसली त भाकरीचा एक तुकडा मोडला आन् ताट सरकवलं. आई म्हने पोट दुखत असन. माह्या समोर झालं सर. माह्या समोर तिच्या गळ्यात पट्टा आला, तुमी अजून गावात पाय ठेवला नव्हता.

म्हनून म्हनतो, बाबा यायच्या आधी तुमी जा. मी काई हात लावत नाही तुमाले. तुमी माहे सर हा. फक्त उठा, मोटरसायकल लावा आन् —

काय?

कोन, मी? उद्याच्या रविवारी, पंचावन्नच्या गटात?... नाही, गुडघा बरा हाय आता. दुखते, पन पट्टी बांधली की... चढाई होते. चोपन्न आठशे.

कपड्यासकट.

...

सोमवारी बाबा म्हनले, शनिवारी सर येनार हायेत घरी. कोनासाठी येनार ते नाही म्हनले. मीबी नाही इचारलं. मले वाटलं... सोमवारपासून भात बंद केला मी. काल सकाळी फॉर्म पायला त्याच्यावर स्नेहाचा फोटो होता. बाबानं त मले सांगाले पाहिजे होतं ना सर. एवढं त सांगाले पाहिजे होतं. पाच दिवस समोर बसून जेवले माह्या.

नाही. नाही येत मी. बूट वाजून राह्यले पाहा गल्लीत, तिचेच हायेत, नव्या बुटाचा आवाज हाय. मागच्या दारानं जा, न्हानीजवळून रस्ता हाय. तुमी भेटलेच नाही, बाबाले मी सांगतो काय सांगाचं ते. आन् तो काटा घ्या, पलंगाखालचा. घ्या ना. पिशवीत घाला, तिले दिसला नाही पाहिजे. जा सर.

सेल नवे हायेत त्याच्यातले. सोमवारीच टाकले.